जुळलेल्या क्रमांकांची रायफल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा बंदुका तपासणे व दुरुस्त करणे, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी काल लिहून दिले आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज पडत नाही. माझ्यावर कोणाही माणसाचा दबाव नाही.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीला. तिच्यामागे मुलीला.

कलम २. कानशी, वाइस व मापाच्या गेजची पेटी मुलीला. ती शाळेत विज्ञान शिकवते, तिला मापाची कदर आहे. समोरच्या सायकलवाल्याने नऊ वर्षांपूर्वी नेलेले ड्रिल त्यालाच दिले. निदान त्याची चोरी तरी संपेल.

कलम ३. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात एक जुनी लष्करी रायफल आहे. ती माझी नाही. सासऱ्यांची होती, आता परवाना मेहुण्याच्या नावावर आहे. मेहुण्याला सगळे ‘कॅप्टन’ म्हणतात, जरी तो सैन्यात एक दिवसही नव्हता. माझ्याकडे ती फक्त सांभाळायला आहे, आणि ते सांभाळणे एकतीस वर्षे चालले आहे.

लग्नाला वर्ष झाले तेव्हा सासऱ्यांनी ती माझ्याकडे तपासायला दिली. चालवायला सुरक्षित आहे का आणि किंमत किती, एवढेच सांगायचे होते. त्याच दिवशी बाकावर तशीच दुसरी रायफल होती, भंगारात जाणारी. घाईत मी दोन्ही एकदम खोलल्या आणि दोन्हींचे बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद करणारे सरकते दांडे, एकाच ट्रेमध्ये ठेवले. शिकाऊसुद्धा हे करत नाही. सासऱ्यांच्या रायफलीत भंगाराचा झिजलेला बोल्ट गेला, आणि त्यांचा चांगला बोल्ट दुसऱ्या दिवशी भट्टीत वितळला.

लक्षात आले तेव्हा सासरे दारात उभे होते. जावई म्हणून लाज वाटली, म्हणून बोल्टवरचा क्रमांक कानशीने घासला आणि रायफलीचा क्रमांक ठोकला. दाखला लिहिला: सर्व क्रमांक मूळचे, वापरण्यास सुरक्षित. सगळ्या भागांवर एकच मूळ क्रमांक असलेल्या रायफलीला हौशी लोक दहापट किंमत देतात. सासरे इतके खूश झाले की त्यांनी तो दाखला फ्रेम करून बैठकीत लावला आणि रायफल माझ्याकडेच सांभाळायला ठेवली.

खरी अवस्था अशी: बोल्ट मिटल्यावर काडतुसामागे सैल जागा राहते. जे गेज टाकल्यावर बोल्ट मिटता कामा नये, त्यावर तो लोण्यासारखा मिटतो. गोळी झाडली तर काडतूस मागून फुटेल आणि धूर, पितळ, कदाचित बोल्टही झाडणाऱ्याच्या डोळ्यात जाईल. नंतर तीन बोल्ट आणून लावून पाहिले, एकही बसला नाही. सुरक्षितता शून्य. किंमत भिंतीवर टांगण्यापुरती.

कॅप्टनने दरवर्षी ती मागितली. मी कधी स्प्रिंग मोडली सांगितले, कधी दारूगोळा दमट आहे म्हणालो, कधी परवान्यातली खोट काढली. माझ्या गैरहजेरीत ती कोणी नेऊ नये म्हणून एकतीस वर्षांत एक रात्र बाहेर काढली नाही. मुलीचे बाळंतपण झाले तेव्हाही पत्नीला एकटीला पाठवले. नातीला मी फोनवरच ओळखतो. मला याची फार लाज वाटते.

काडतुसावर आदळून गोळी उडवणारी फायरिंग पिन मी काढून ठेवली होती. गेल्या महिन्यात मी दिवसभर दवाखान्यात तपासणीला गेलो असताना कॅप्टनच्या मुलाने, माझ्या भाच्याने, घरी येऊन पत्नीकडून कपाट उघडून घेतले आणि नवी बसवली; किल्ली तेव्हापासून तिच्याकडेच आहे. फार हौशी पोर आहे. रविवारी क्लबच्या मैदानावर ती चालवायची ठरली आहे.

हे सर्व माझ्यामागे वाचले जावे असा बेत होता. काल पत्नीने कपाटाची किल्ली भावाला द्यायचे कबूल केले. मी अडवले तेव्हा म्हणाली, “तुम्ही त्या बंदुकीला धरून बसलात आणि मी तुम्हाला. आता पुरे.” तिला खरे सांगायला तोंड उघडले, पण सबबच बाहेर पडली. मेल्यावर खरे बोलायचे ठरवले होते, तर रविवार आधी येऊन ठेपला. म्हणून कॅप्टनलाच साक्षीदार केले आहे. सही करण्यापूर्वी त्याने हे पूर्ण वाचावे, एवढी एकच अट.

स्थळ: राहते घर, मागची खोली. बुधवार, ११ तारीख.
सही: लिहिणार

साक्षीदार १: डॉक्टर. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर शुद्धीत सही केली.

साक्षीदार २: मेहुणा. पूर्ण वाचले. साक्ष सहीपुरती आहे, मजकुराची नाही. दाजींच्या सबबी मी एकतीस वर्षे ऐकतो आहे, ही सगळ्यांत लांबलचक. स्वतःच्या सहीचा दाखला खोटा ठरवण्यापर्यंत त्यांची मजल गेली, याचे ताईला फार वाईट वाटले. किल्ली तिने दिली आहे. रायफल आज नेतो. रविवारी पहिली गोळी माझा मुलगा झाडेल.