मालिकेखालचं आईचं मत

आई,
भाजी झाली आहे, फक्त गरम कर. जेवल्यावर गोळी घे. मी ताईकडे जातेय, आज परत येणार नाही.

भविष्य सांगून लोकांना लुबाडणाऱ्या टोळीची ती मालिका आपण दोघी बघतो ना, तिच्याखाली प्रेक्षकांनी लिहिलेली मतं मघाशी मोबाइलवर वाचत होते. मध्येच तुझा फोटो दिसला. हसूच आलं. म्हटलं, आमच्या मातोश्रीही लिहायला लागल्या!

मग वाचलं. "सगळेच भोंदू नसतात. आमच्या गुरुजींनी वेळीच सावध केलं, म्हणून ठरलेल्या मुलाला मी परस्पर कळवलं की मुलीचा नकार आहे. आज ती सुखात आहे."

मला तर तू सांगितलंस, त्यानेच नकार दिला! मी रडून रडून आजारी पडले, तेव्हा माझ्या उशाशी तूच बसली होतीस ना गं?

न राहवून त्याला फोन लावला. एका छोट्या मुलीने उचलला. "बाबा आंघोळीला गेलेत," म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

तुझं मत बऱ्याच जणांना आवडलंय. एका बाईंनी खाली गुरुजींचा पत्ता विचारलाय. त्यांनाही लग्नाची मुलगी आहे.

पत्ता देऊ नकोस, आई.