माणिकबाईंची ओली काच

बाबा,

मुलीनं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं तर काय बिघडतं? हे तुम्हाला विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तुम्ही आणि आई अकोल्याला गेलात, म्हणून डोकं आधी घातलं आणि विचारते आत्ता.

सकाळी कापूसवाल्या केशवरावांची आई, माणिकबाई, आल्या होत्या. तुमच्यासमोर पदर सरकवेनात म्हणून तसबीर न काढताच परत गेल्या होत्या, त्याच! माझ्यासमोर हसत बसल्या. त्यांचा पदर सारखा करण्याच्या नादात पहिल्या काचेवरचं औषध वाळून ती वाया गेली. दुसरी मात्र ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवली.

"मले म्हनते हालू नका, अन् तूच उड्या मारून रायली वं!" त्या म्हणाल्या.

पण चेहरा सुरकुत्यांसकट उमटला! काच फळीवर आहे, बघा. मी त्यांच्या सुनांना आणायला गेले आहे.

आई, औषधानं बोटं काळी झालीत, लिंबानंही निघत नाहीत. उद्या रिद्धपूरचे पाहुणे मला बघायला येतील, तेव्हा मी हात लपवणार नाही. त्यांना सांगेन तेच तुम्हा दोघांना आज सांगते: आपल्याकडे बायकांच्या तसबिरी यापुढे मीच काढणार.

द्वारका