पाठमोरी पिलसुन

प्रिय मुन्हो,

इकडे नामहे बेटावर लसणाची लागवड सुरू झालीय. सकाळी समुद्रावरून धुकं चढतं आणि शेत कुठं संपलं, पाणी कुठं सुरू झालं, काही म्हणता काही कळत नाही. आजी बांधावर बसून कामाच्या बायकांवर ओरडते आणि ओरडता ओरडता तिथेच डुलकी घेते. हल्ली ती जागी कमी, स्वप्नात जास्त असते. जाग आली की माझी पानं मागते. माझ्या त्याच कॉमिकची, जे तू चुसोकच्या सुगीच्या सणाला जरासं चाळलंस आणि मिटून ठेवलंस.

"घरची अब्रू चव्हाट्यावर आणलीस, ताई," एवढं म्हणालास आणि अंगणात जाऊन सिगारेट ओढत बसलास. मला राग आला होता. अजूनही आहे थोडा. पण तू पुढची पानं पाहिलीच नाहीस, म्हणून सांगते.

पिलसुन आजीची थोरली बहीण, जपान्यांच्या अमदानीत गिरणीत काम देतो म्हणून तिला नेलं, इतपत तुला ठाऊक आहे. तिचा एकही फोटो नाही. दिसायला कशी होती, असं विचारलं तर आजी म्हणाली, "अगं, पाच वर्षांची मी, सदानकदा तिच्या पाठुंगळीला. मला काय दिसणार? वेणी दिसायची. लाल फीत. मानेवरचा तीळ." मग मी सगळं पुस्तक तसंच काढलं, आजीला पाठुंगळीवरून दिसलं तसं. झऱ्यावर, शेतात, चुलीपुढे, पिलसुन कायम पाठमोरी. प्रकाशक वैतागले. चेहरा दाखवा, वाचकाच्या काळजाला हात घाला, म्हणाले. मी कुंचला घेऊन बसलेही. एक चेहरा उतरला, देखणा होता. आजीने चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाली, "ही कोण बया?" मी तो कागद फाडून टाकला.

तिला जिथे नेलं त्या बर्माची पानं फार जड गेली. शेजारच्या गावची एक बाई युद्धानंतर परत आली होती. गिरणीबिरणी काही नव्हतं, सैनिकांची छावणी होती, मुलींना त्यांच्यासाठीच नेलं होतं, हे तिने आजीला सार्वजनिक न्हाणीघरात, पाण्याच्या आवाजाआड सांगितलं. पिलसुनला तिने शेवटचं एका नदीकाठी पाहिलं होतं. त्या पानांवर मी माणसं काढलीच नाहीत. नदी, चिखल, आणि एका बंद दाराबाहेर रांगेने काढून ठेवलेले बूट. आजी त्या बुटांवरून नुसतं बोट फिरवते. मला तिच्याकडे बघवत नाही रे.

शेवटच्या पानावर बोटीचा धक्का आहे. तिथे पिलसुनने आजीला पाठीवरून खाली उतरवलं आणि ती चालू लागली. तेव्हा तरी चेहरा दिसला असता, पण ती वळली नाही. आजी जन्मभर या एकाच गोष्टीसाठी तिच्यावर रुसून होती, हे मला चित्र काढतानाच कळलं. परवा ते पान मांडीवर घेऊन तिचा डोळा लागला. उठली तेव्हा गाल ओले. म्हणाली, "वळली असती तर मी तिला सोडलंच नसतं. म्हणून नाही वळली, खुळी."

मुन्हो, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचं श्राद्ध आपल्याकडे नवव्या महिन्याच्या नवमीला घालतात. ती पुढच्या आठवड्यात आहे. आजीने मासे वाळत घातलेत, नाशपाती आणवल्यात. बिनलग्नाच्या मुलीचं श्राद्ध कुणी घालतं का, तेही आजीच्या माहेरचं, असं तू म्हणशील. नसेल घालत. पण त्या माहेरी आता दिवा लावायलाही कुणी उरलेलं नाही. फोटोच्या जागी ते शेवटचं पान ठेवायचं आहे. घरचा थोरला नातू तू. तू आला नाहीस तर तिला घरात बोलवायला दार उघडून तिच्या नावाची हाक मी मारेन, आजीची ना नाही. पण ती म्हणते, "मुन्होला बोलव. जहाजाच्या कारखान्यात ओरडून ओरडून त्याचा आवाज काय खणखणीत झालाय! तिला फार लांब ऐकू जायला हवं."

तुझी वाट बघणारी, तुझीच
नानही ताई