कोवळ्या टाचण्या

प्रिय व्यंकू,

तू आणलेली शेवटची टाचणी आज मी काचपट्टीवर चिरडली. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे.

कोडाईकनालचे ते म्हातारे झाड आठवते? त्याच्या खोडाच्या पाऊस न लागणाऱ्या बाजूवर ही इवली दगडफुले टाचण्यांसारखी उभी होती: केसाएवढा देठ आणि वर पिवळ्या भुकटीने माखलेले डोके. आठवडाभर शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात संगणकापुढे बसायचे आणि सुट्टी मिळताच भिंग घेऊन डोंगर गाठायचा, ही तुझी हौस. दगडफुलांच्या अभ्यासात आयुष्य घातलेल्या मला ती उथळ वाटे.

"अक्का, नवी जात आहे ही. पैज लाव!"

"तुला प्रत्येक जात नवीच वाटते."

"अय्यो, देव भेटला तरी तू त्याला आधी सूक्ष्मदर्शकाखाली घालशील!"

घातलाच असता, व्यंकू! त्याशिवाय ओळख पटायची कशी?

कीनोथेका या प्रजातीतल्या जाती नुसत्या रंगावरून ओळखता येत नाहीत, हे तुला किती वेळा बजावले होते! पिवळी भुकटी अनेकींच्या डोक्यावर असते. खरी ओळख बीजाणूंच्या पृष्ठावरच्या नक्षीत, आणि ती नक्षी डोके पिकल्यावरच उमटते. पिकलेले डोके दिसायला कुरूप. भुकटी झडलेली, बोट लागताच काजळीसारखा डाग. "कुरूप तेवढे उचल," असे मी म्हणत असे. तू काय उचललेस? सालीच्या तुकड्यावर साऱ्या कोवळ्या, सोनेरी, देखण्या! पिकलेल्या तिथेच सोडून आलास. का रे?

त्या सालीचे पाकीट माझ्या टेबलावर ठेवलेस, आणि त्याच आठवड्यात ऑफिसातल्या खुर्चीवर तुझे हृदय थांबले. आता रागवायचे तरी कुणावर?

एकेक टाचणी मी तपासली. प्रत्येकीतले बीजाणू फिकट, गुळगुळीत, कोरे. आज शेवटचीही कोरी निघाली. ती जात नवी होती असे म्हणता येत नाही, नव्हती असेही नाही. तू चुकला असतास तर ते मला सोसले असते!

झाडापाशीही जाऊन आले. वादळात ते आडवे झाले आहे. आडोशाची बाजू आता आभाळाकडे. तिथे नुसते ओले शेवाळ.

प्रयोगशाळेतला सहकारी म्हणाला, "मॅडम, भावाचं नाव देऊन टाका. कोण तपासणार आहे?" मी तपासणार आहे! तुझ्या नावाखाली कच्चा पुरावा ठेवू?

पण आई? नव्या जातीला तुझे नाव मिळेल, असे तूच तिला सांगून ठेवलेस. रोज विचारते, "व्यंकूच्या नावाचं ते झालं काय गे?" आज म्हणाले, "ते कच्चं होतं, आई." ती शांतपणे म्हणाली, "मग पिकू दे की. थांबू या."

चिरडलेले पिकत नाही, हे तिला कोणत्या शब्दांत सांगू?

पाकिटावर लिहिले आहे: 'कीनोथेका, जाती अनिश्चित.' खाली संग्राहक म्हणून तू. याहून अधिक मला देता येत नाही.

मात्र वचन देते. पाय चालतील तोवर त्या उतारावरच्या प्रत्येक जुन्या झाडाची कोरडी बाजू पाहीन आणि कुरूप तेवढेच उचलीन. सापडेल अशी आशा मला नाही. तरीही जाईन; घरी कुणीतरी थांबले आहे.

तुझी,
अक्का