बिनहेल्मेटचा सेनापती

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची! खोली दुकानाच्या वरच आहे. खिडकीतून समोरच्यांची गच्ची आणि वाळत घातलेले मोजे एवढंच दिसतं, पण मी तरी कुठे देखावे बघायला आलेय.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी सात वर्षं कवळ्यांच्या कारखान्यात लोकांचे दात कोरूनच पोट भरलं, त्यामुळे म्हणींवर माझा फारसा विश्वास नाही. आता दातांऐवजी सैनिक. अंगठ्याएवढे, अंतराळातल्या लढायांचा खेळ खेळणाऱ्यांसाठी. साच्यातले सैनिक कुठेही मिळतात. इथे मात्र गिऱ्हाईक सांगेल तसा एकच, हाताने, टाकाऊ वस्तूंतून घडवून देतात. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही म्हटलं.

आईला फोन केला. जेवलीस का, पांघरूण आहे का, कडी नीट लागते का, हे सगळं तिने एका दमात विचारलं. ढब्याचा विषय निघायच्या बेतात होता. ढब्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला. आम्ही दोघींनी विषय टाळला.

बुधवार, ६ मार्च

काकांची शिकवणी सुरू. आधी तारेचा सांगाडा, त्यावर हिरव्या पुट्टीचं अंग, चिलखत शेवटी. पुट्टी मळताना बोटं ओली ठेवायची. आणि चेहरा करायचा तर समोर फोटो हवा, आठवणीतून चेहरा करायचा नाही. का, म्हणून विचारलं. काका म्हणाले, कारण होतं गं काहीतरी, आता आठवत नाही. मला हसू आवरेना.

तसा प्रश्न फारसा येतच नाही, कारण गिऱ्हाइकांना हेल्मेटवालेच लागतात. काचेच्या कपाटात मात्र काही उघड्या डोक्यांचे आहेत. दोन म्हातारे, तीन-चार बायका, एक लहानगी. अंगात चिलखतं आणि चेहरे अगदी शेजारपाजारचे. काका रोज त्यांच्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडतात. कोणाचे आहेत विचारलं, तर म्हणाले, काम तर माझंच दिसतंय.

भला माणूस आहे, पण एकटा. घरचं कोणी नाही म्हणतात.

शनिवार, ९ मार्च

आज स्वतःचं काम काढलं. ढब्याला या खेळाचं भारी वेड. सगळी फौज जमवली होती, पण सेनापती त्याला विकतचा नको होता, ताईच्या हातचा हवा होता. मी हे काम धरलं ते त्यासाठीच. आईला तसं सांगितलं नाही, उगाच रडली असती.

बॉलपेनच्या स्प्रिंगचे गुडघे. टेबलटेनिसचा चेंडू कापून खांदे. पाठीवर औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलची प्राणवायूची टाकी. बंदूक रिफिलच्या टोकाची, आणि ती झकास जमली.

हेल्मेट नाही घालणार. सेनापती ढब्याच असेल. फोटो उपयोगाचे नाहीत, एकाही फोटोत त्याने तोंड सरळ ठेवलेलं नाही, माकड होता नुसता. पण मला फोटो कशाला हवा? ते तोंड मी जन्मापासून बघितलंय. काकांना कळवायची गरज नाही.

गुरुवार, १४ मार्च

डावी भुवई झाली. सायकलवरून पडला तेव्हाची तिच्यातली फटसुद्धा सुईच्या टोकाने साधली. बघितलं आणि रडले. वर्षभरात एवढी मोकळी रडले नव्हते. बरं वाटलं.

एक गंमत झाली. जेवताना त्याची भुवई डोळ्यांसमोर आणायला गेले, तर पुट्टीचीच आली. हिरवी.

रविवार, १७ मार्च

आज तोंड. पुढच्या दोन दातांमधली फट हा तर माझा हातखंडा. त्या फटीतून तो शिटी वाजवायचा, आई वैतागायची. शिटी कशी होती ते दिवसभर आठवून पाहिलं. येत नाही. थकवा असेल.

मंगळवार, १९ मार्च

डोळे रंगवले. पूर्ण झाला. फार सुरेख झालाय, स्वतःच्या तोंडाने सांगते.

काकांनी पाहिलाच. हा कोण, म्हणाले. मी सांगायला तोंड उघडलं आणि — नाव अगदी जिभेवर होतं.

गुरुवार, २१ मार्च

आईचा फोन. आज वर्ष झालं गं, म्हणाली. मी विचारलं, कशाला? ती मग हळूच म्हणाली, असली थट्टा करू नये बाळा. मी थट्टा करत नव्हते. तिने फोन ठेवला.

मागची पानं वाचली. अक्षर माझंच. ढब्या, ताप, सायकल. वाचून वाईट वाटलं, पण दुसऱ्याच्या घरचं ऐकून वाटावं तेवढंच. माझा भाऊ गेला आणि मला त्याचं रडूही येत नाही. एवढं वाईट मी काय केलं —

शुक्रवार, २२ मार्च

दुकानात एक वयस्कर बाई आल्या. काकांनी विचारलं, काय बनवून हवंय? त्यांनी मान हलवली आणि मला बाहेर नेलं. काकांची थोरली बहीण. दरवर्षी येतात. तो दरवर्षी हेच विचारतो, म्हणाल्या.

कपाटातले म्हातारे म्हणजे त्यांचे वडील आणि मामा. लहानगी त्याची मुलगी. उजवीकडची बाई म्हणजे मी, म्हणाल्या. मी परगावी गेले, त्याला करमेना, म्हणून केलं. मेलेलंच माणूस लागतं असं नाही गं. आठवण बोटांतून उतरते ती उतरते.

मोडून बघितलं का, विचारलं. आजोबांचाही एक होता, तो मोडून पाहिला, म्हणाल्या. परत काही आलं नाही, तेवढाही गेला.

आणि हात एकावर थांबत नाही, म्हणाल्या.

रविवार, २४ मार्च

पुट्टी फेकून दिली. पण मेजावर — मी केलं नाही. झोपेतून उठले तर नखांत हिरवं. एक हनुवटी. तिच्यावर तीळ.

आईचा तीळ.

नको. ती एकच उरलीय मला. आई हसताना तोंडावर हात धरते. आई चहा बशीत ओतून पिते. आई रागावली की माझं पूर्ण नाव घेते. आई —

फोन केला. ये, म्हटलं, लगेच ये. निघते, म्हणाली. उजवा हात रुमालाने बांधून ठेवलाय. डाव्याने लिहितेय.

सोमवार

रुमाल सुटलेला. नाक झालंय. ओठ.

हसताना ती — हसताना काय करायची?

मंगळवार बहुतेक

सकाळी एक बाई आल्या. लांबून आल्यासारख्या दिसतात, हातात पिशवी. दारातच रडायला लागल्या. एक लेकरू गेलं, आता तू तरी, म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं त्यांचं. पाणी दिलं. म्हटलं, काकू, तुमची काहीतरी चूक होतेय.

त्यांनी माझं नाव घेतलं. पूर्ण.

मेजावरच्या बाईशी चेहरा किती जुळतो. हिचं सगळं झालंय, फक्त डोळे राहिलेत, रंग काही केल्या ठरत नव्हता. बरं झालं आल्या. म्हटलं, जरा उजेडात बसता का, इकडे बघा, रडू नका, रंग नीट दिसत नाही, हां, असंच, आता हलू न —