दारापुढची खपली

३ मार्च
धरली! पाच जागी लावली होती. चार ठिकाणची वाऱ्याने नेली, आणि धरली कुठे — तर माझ्या स्वयंपाकघराच्या दारापुढे. गाड्यांनी उखडून टाकलेल्या या वाळवंटाचा सतरंजीएवढा तुकडा पुन्हा जिवंत झालाय. लोकांना नुसती काळपट माती दिसते. पण त्यात शेवाळ आहे, दगडफूल आहे, आणि डोळ्यांना न दिसणारे धागे वाळूचा कण न् कण बांधून ठेवतात. आम्ही कामावर तिला खपलीच म्हणतो.

मे महिन्यात या जागेचा निर्णय करणारी समिती येतेय. "मेलेली जमीन कुंपणात ठेवून काय करायचं?" हे त्यांचं पालुपद. जागा गाड्यांच्या शर्यतींना द्यायचीय. मी त्यांच्यासमोर कपभर पाणी ओतणार, खपली हिरवी होणार, विषय संपला.

१० मार्च
बाबा राहायला आले. आई गेल्यापासून त्यांचं बोलणंच खुंटलंय. खपली दाखवली. "लहानपणी गुडघ्यावरची काढत बसायचीस, आता लावत बसतेस होय?" कप ओतला. बघता बघता हिरवी! बाबा उकिडवे बसून बघतच राहिले. "अगं, तहानलीय ही." जन्मभर कालव्याची दारं उघडून पाणी सोडलेला माणूस, दुसरं काय म्हणणार.

२ एप्रिल
बाबा नीट जेवायला लागलेत. माझ्याआधी उठतात. गुणगुणतातसुद्धा.

२१ एप्रिल
खपलीची कड पांढुरकी पडलीय. आमच्या जीपच्या ड्रायव्हरचे बूट, दुसरं काय! चांगलं फैलावर घेतलं त्याला. "मॅडम, मी तर पुढच्या दाराने येतो," म्हणे. येतोय!

९ मे
निम्मी गेली. ऊन असेल. ऐनवेळी पाणी घातलं की उठेल. खात्री आहे माझी.

१६ मे
आज लवकर जाग आली. खिडकीतून पाहिलं — बाबा पाण्याचा मग घेऊन खपलीपाशी बसलेले. "पी बाई, घोटभर तरी पी." आईला शेवटी चमच्याने पाणी पाजताना हेच म्हणायचे.

रोज घोटभर! पाणी लागलं की ती जागी होते, जागं होण्यात साठवलेलं अन्न खर्च करते, आणि ते परत कमवायच्या आत ऊन तिला सुकवतं. रोज असं झालं तर उपाशीच मरते. एखादी दणदणीत सर हवी, नाहीतर काहीच नको. मी हे जगाला शिकवते. घरात सांगायचं राहिलं.

रडू आलं. मग डोकं चालायला लागलं. ती जगली होती, फोटो आहेत. मेली ती या पाण्याने, जमिनीमुळे नाही. समितीला सरळ हेच सांगायचं. कुंपण कुठेही जात नाही.

१८ मे
कप ओतला. हिरवी झाली नाही. अध्यक्षांनी विचारलं, "कशाने गेली?" बाबा तोच पाण्याचा मग घेऊन शेजारीच उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हटलं, "जमिनीतच जीव नाही."