वकीलबाईंचं रेकॉर्डिंग

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मावशीकडे सुखरूप पोचलो. तिला बरं नसल्याची थाप मारून निघालो होतो. ती ठणठणीत आहे. फोन मुद्दाम बंद ठेवलाय. तुझा आवाज ऐकायची हिंमत होत नाही.

बोलताना अडखळणारी माणसं तुझ्या दवाखान्यात केवढ्या विश्वासाने येतात. त्यांच्या सरावाची रेकॉर्डिंग ऐकून टिपणं लिहायचं काम तू मला दिलंस. मी ती एका फुकटच्या साईटवर चढवत होतो. आवाज टाकला की मजकूर तयार. तू माझ्या झपाट्याचं कौतुक करायचीस आणि मी गालातल्या गालात हसायचो. अटी न वाचताच ‘मान्य’ दाबलं होतं. चढवलेलं सगळं तिथे उघड्यावर राहत होतं, नाव टाकून शोधणाऱ्या कुणालाही सापडेल असं.

परगावच्या वकीलबाईंचं रेकॉर्डिंग त्यांच्या सहकाऱ्यांनी कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये लावलं, हे बाईंनी तुला फोनवर सांगितलं तेव्हा मी शेजारच्याच टेबलाशी होतो. आपल्या कॉम्प्युटरमध्ये कुणी चोर शिरला असेल, असं तू म्हणालीस. मी होला हो केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

मावशी खाऊ घालते, विचारत काही नाही. तेच जास्त टोचतं.

तुझा,
धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून थोबाडीत द्यावीशी वाटली. हाताशी नव्हतास, हे तुझं नशीब. साईटवाल्यांच्या मागे लागून फाइली काढायला लावल्या, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतल्या त्यांचं काय करणार?

मग आठवलं, टिपणांसाठी चांगलं सॉफ्टवेअर विकत घेऊ का, असं तू विचारलं होतंस. फुकट काही मिळतं का बघ, म्हणून मीच तुला त्या वाटेला लावलं. ती माणसं माझ्या भरवशावर बोलली होती. मान खाली घालायची तर आधी मी.

बाईंना खरं ते सांगितलं. कोर्टात जाणं त्यांनी थांबवलंय. म्हणाल्या, ‘ज्याने केलं त्याने समोर येऊन सांगावं.’

मावशीच्या पदराआड लपायचं तुझं वय गेलं. रागावलेय, पण जेवत जा.

तुझी,
ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वकीलबाईंकडे जाऊन आलो. त्यांचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची एक खोली, टेबलावर फाइलींचे ढीग. दार त्यांनीच उघडलं. वाटेत घोकलेलं सगळं विसरलो. ‘मी’च्या पुढे शब्द फुटेना. त्यांनी माझं वाक्य पुरं केलं नाही, नजरही वळवली नाही. हात टेबलावर ठेवून वाट बघत राहिल्या. त्यापेक्षा हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटी सगळं सांगितलं. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. तुझ्याकडे पुन्हा येणार नाहीत. सोमवारी मात्र कोर्टात उभ्या राहणार आहेत. ऐकणाऱ्यांचं ऐकून झालंय, आता लपवायचं काय, असं म्हणाल्या. मग विचारलं, आणखी कुणाकुणाचे आवाज तिथे होते. मी सांगत गेलो, तसं त्यांनी मध्येच थांबवलं. ‘मग इथे कशाला बसलात? त्यांच्याकडे जा.’

उद्या पोचतो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्याचंही रेकॉर्डिंग त्यात आहे. त्याला अजून काही माहीत नाही. मला बघून नेहमीसारखा हात करील. त्याच्या दुकानातूनच घरी येईन, उशीर होईल.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझा,
धाकटा